अळंबीच्या खोलीचं दार

हुपरीत चांदीवाल्यांच्या आळीत अक्काताईंचं घर आहे. बोळासारखं लांब, एकामागं एक तीन खोल्या. रस्त्याकडच्या दारातनं चार वर्षांत फारसं कोणी आत आलं नाही. आणि मागच्या खोलीच्या दारातनं कोणी आत येऊ नये म्हणून अक्काताईंनी त्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं: अंघोळ केल्याशिवाय आत येऊ नये.

शेजारच्या चिमणाबाईनं एकदा ते वाचलं. चिमणाबाई पन्हाळ्याच्या पायथ्याची लेक, तोंडाची फटकळ. म्हणाली, "तुझ्याकडं येतंय कोण, की पाटी लावलीयास?"

अक्काताई म्हणाल्या, मी स्वतःसाठीच लिहिलंय, विसरते कधी कधी.

विसरत काही नव्हत्या. सकाळी अंघोळ झाली की खोलीची म्हणून वेगळी ठेवलेली साडी नेसायची, डोक्याला फडकं गुंडाळायचं, नाकातोंडावर मास्क बांधायचा, चुन्याच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायचे आणि मगच कडी काढायची. आत अंधार आणि ओल. छताला दोऱ्या, दोऱ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत गव्हाचं उकळून निथळलेलं काड. त्या काडात अळंबीचं बियाणं पेरलेलं. आठवड्याभरात काडावर पांढरं जाळं चढायचं, दुधावर साय धरते तसं. भाकरी फुगली का बघावं तशा अक्काताई एकेका पिशवीला बोटानं हलकं दाबून बघायच्या. चाळीस पिशव्या. तेवढ्या बघून झाल्या की दिवसातलं माणसात असल्यासारखं वाटायचं ते संपायचं.

*

एके काळी ह्याच खोलीत पैंजणं व्हायची. नवरा चन्नाप्पा चांदीच्या तारेच्या कड्या वळायचा आणि अक्काताई त्या जोडायच्या. आळीत गॅसच्या बंदुका आल्या, तरी बारीक जोडाला अक्काताई तोंडानं फुंकायची नळीच वापरायच्या. दिव्याच्या ज्योतीवर नळी धरायची, गाल भरायचे आणि सुईसारखी निळी ज्योत जोडावर सोडायची. दम तुटला की जोड बिघडला. अक्काताईंचा दम तुटत नसे. एका दमात त्या सात कड्या जोडायच्या आणि वर चन्नाप्पाला म्हणायच्या, आठवी कडी वळायला तुलाच उशीर झाला.

मग करोनाचं दुसरं वर्ष आलं. दोघंही एकाच आठवड्यात आजारी पडली. चन्नाप्पा अकराव्या दिवशी गेला. अक्काताई वाचल्या, घरी आल्या. औषधांनी साखर चारशेवर गेली होती, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. दाढ दुखत होती. लवंग धरली. मग गाल बधिर झाला, नाकातनं काळी खपली पडली, आणि मग कोल्हापूरचा सरकारी दवाखाना.

डॉक्टर वयानं लहान होती, आणि ती तीन दिवस झोपलेली दिसत नव्हती. अक्काताईंनी तिला एकच प्रश्न विचारला. ही काळी बुरशी मला कुणाकडनं लागली?

"कुणाकडूनच नाही," डॉक्टर म्हणाली. "ती असतेच. मातीत, सडक्या फळावर, शिळ्या भाकरीवर, हवेत. आपण सगळे रोज तिला श्वासातनं आत घेतो आणि आपलं शरीर तिला हाकलतं. तुमचं शरीर दमलं होतं, तेवढ्यात तिला जागा मिळाली. तुमच्याकडनंही ती कुणाला लागणार नाही."

वरचा उजवा जबडा गेला, निम्मी टाळू गेली, उजवा डोळा गेला. आषाढात त्या हुपरीला परत आल्या तेव्हा तोंडाच्या छताला भोक होतं. पाणी प्यायलं की नाकातनं यायचं, बोललं की शब्दांऐवजी नुसता घुमारा निघायचा.

दुसऱ्या दिवशी शिवानंद आला. धाकटा भाऊ. नदीपलीकडं, सीमेलगतच्या गावात त्याची शेती. तिकडं अर्धं बोलणं कानडीत, म्हणून तो थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो आणि ती त्याला तम्मा. मोटरसायकल त्यानं कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशीच थांबवली. जोंधळ्याचं पोतं खांबाला टेकवून ठेवलं, वर तेलाचा डबा ठेवला. पुढं आला नाही.

"अक्का, घरात बारकी पोरं हाईत गं," तो तिथनंच म्हणाला.

अक्काताई दारात उभ्या होत्या. तुमच्याकडनंही ती कुणाला लागणार नाही, हे डॉक्टरनं सांगितलेलं वाक्य त्यांना पाठ होतं. पण टाळू नव्हती. घुमारा ऐकला असता तर तो आणखीच भ्याला असता. त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ त्यानं काय घेतला ते त्यालाच माहीत. मोटरसायकल वळवून तो गेला.

त्या वर्षी नागपंचमीला माहेराहून मूळ आलं नाही. ह्या भागात पंचमी लेकीबाळींची. माहेरचं कुणीतरी न्यायला येतं, त्याला मूळ म्हणतात. आदल्या दिवशी बहीण भावासाठी उपास धरते. अक्काताईंनी उपास धरला. पुढच्या वर्षीही धरला. मूळ चार वर्षं आलं नाही.

*

दातांच्या कॉलेजात त्यांना टाळूला बसणारी प्लेट करून दिली. ती घातली की बोललेलं कळतं, नाकात बोलल्यासारखं, पण कळतं. फुंकता मात्र येत नाही. अक्काताईंनी घरी येऊन पहिल्याच दिवशी नळी तोंडाला लावून बघितली. हवा नाकाकडनं निसटली, ज्योत जरा वाकली आणि पुन्हा उभी राहिली. नळी त्यांनी पुसून चन्नाप्पाच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली.

जेवायला त्या दार लावून बसतात. प्लेट काढून धुवायला लागते, आणि ते कुणी बघावं असं नाही.

अळंबीचं त्यांना शेतकी कॉलेजातल्या तीन दिवसांच्या शिबिरात कळलं. कुणी म्हणालं, घरात बसून होतं, एका डोळ्यानं होतं, फुंकायला लागत नाही. शेवटच्या बाकावर त्या पदर गालावर ओढून बसल्या. शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडम बोलताना हातांनी सगळं करून दाखवायच्या. म्हणाल्या, पन्हाळ्याच्या जंगलात झाडं दरवर्षी पानं गाळतात, बुरशी नसती तर तो ढीग आपल्या कौलापर्यंत आला असता. तीच ते कुजवते आणि पुन्हा झाडाच्या मुळाशी नेऊन घालते. वारुळातली वाळवीसुद्धा आत बुरशीची शेती करते, म्हणून वारुळावर अळंबी येते.

"बुरशी चांगली-वाईट नसते," त्या म्हणाल्या, "ती कुठं आहे ते बघायचं. ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी शेतात देवमाणूस. आल्याच्या, हळदीच्या मुळाला सडवणाऱ्या बुरशीला ती खाऊन टाकते. तीच अळंबीच्या खोलीत शिरली तर दरोडेखोर. तेव्हा शेतातनं आलेल्या माणसाला आधी अंघोळ, मग दार."

अक्काताईंनी वहीत एवढंच लिहून घेतलं. खडूनं दारावर उतरवलं ते तिथनं.

गावात अळंबी खपली नाही. चिमणाबाई गिरणीत बोलली होती की बुरशीनं हिचं निम्मं तोंड खाल्लं, आता ही बुरशी पिकवून गावाला खाऊ घालणार. दळण व्हायच्या आधी ते बोलणं अक्काताईंच्या घरी पोचलं. वर चिमणाबाई समोर भेटली की म्हणायची, आमच्याकडं वारुळावर येतीया ती खरी अळंबी, तुझी ही पिशवीतली कसली. अक्काताईंच्या शैव घरात तर अळंबी कधी शिजलीच नव्हती. मटणासारखा वास येतो म्हणून बाटल्यासारखं मानायचे. पहिल्या खेपेची त्यांनी एकटीनं चाखली. मऊ. चावायला लागत नाही. तेव्हापासून रोज.

मग एसटीनं टोपली घेऊन कोल्हापूरला. शाहूपुरीत पृथ्वीराजची खानावळ. त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. अळंबी मोडून नाकाला लावली आणि म्हणाला, माल ताजा हाय, मावशी, रोज दे.

"आन श्रावणात दुप्पट लागंल," तो म्हणाला. "श्रावणात माझी निम्मी गिऱ्हाइकं देवाला भित्यात आन निम्मी बायकूला. दोघांनाबी अळंबीचा पांढरा रस्सा चालतोय."

अक्काताई त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडं तोंड करून हसल्या. हसताना प्लेट हलते, म्हणून एरवी हसायचं टाळतात.

*

ह्या आषाढात, दुपारी तीनच्या सुमाराला, आळीत मोटरसायकलचा आवाज आला. तो खांबापाशी थांबला नाही. दारापर्यंत आला.

शिवानंदचे केस पिकले होते. उंबऱ्यात चप्पल काढून तो आत येऊन बसला आणि पुढ्यातल्या चहाकडं बघत बोलला. त्याची थोरली, प्रेरणा, आता शेतकीचं शिकतेय. तिनंच ओरडून सांगितलं की आत्तीला झालेलं अंगावरनं अंगावर जात नाही. त्याला ठाऊक नव्हतं. चार वर्षं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"पंचमीला मुळाला येतो," तो म्हणाला. मग उठला. "तुझं ते काय असतंय मागं, बघू तरी."

सकाळपासून तो आल्याच्या शेतात होता, हे त्यानं चहा पिता पिताच कौतुकानं सांगितलं होतं. मागं त्याचा आल्याचा कंद सडायचा. आता प्रेरणा कसलीशी भुकटी आणून देते, ती पाण्यात कालवून मुळाशी ओतायची. बुरशीनं बुरशी मारायची. उसाचं पाचटही तो हल्ली जाळत नाही, तसंच कुजवतो. हे सांगताना त्यानं दोन्ही हात पुढं केले होते. नखांच्या कडांना हिरवट करडी भुकटी होती. बाहीलाही.

अक्काताईंनी ती बघितली. त्यांना सगळं कळलं. थांब, एवढंच म्हणायचं होतं. अंघोळीला पाणी होतं, चन्नाप्पाचे धुतलेले कपडे होते.

पण शिवानंद चार वर्षांनी दारात थांबला नव्हता. आणि अक्काताईंना दारात थांबवलं जाणं काय असतं ते माहीत होतं. दुकानदार पैसे फळीवर ठेवायला सांगायचे. पूजेला बायका उंबऱ्याबाहेरच प्रसाद द्यायच्या. बुरशीपायी. आता त्यांनीच भावाला बुरशीपायी दारात उभं करायचं?

त्या त्याच्या पुढं झाल्या आणि दारावरचं खडूचं अक्षर त्यानं वाचायच्या आत पदरानं पुसून टाकलं. कडी काढली. बाजूला झाल्या.

शिवानंद एकेका पिशवीपाशी थांबला. पिशव्या चार दिवसांच्या होत्या, जाळं नुकतं धरत होतं. दाराजवळच्या पिशवीला हात लावून म्हणाला, हे तर सावरीच्या कापसावाणी दिसतंय. तिसऱ्या पिशवीच्या भोकात बोट घालून आत काय असतंय ते चाचपलं. खिडकीखालच्या रांगेत तो आईचं बोलला. शेवटच्या दिवसांत ती अक्काचंच नाव घ्यायची आणि घरच्यांनी तिला सांगितलं नव्हतं की अक्काचं काय झालंय. सातव्या की आठव्या पिशवीला धरून तो बराच वेळ उभा राहिला.

"त्या येळंला पोतं ठेवून गेलतो," तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी परत आलतो. एसटी स्टँडापतोर. तितनं माघारी गेलो."

 पिशवीवर त्याचा हात होता, तिकडं अक्काताई बघत राहिल्या. शेवटच्या दोन रांगांपर्यंत तो गेलाच नाही. मागं अंधार होता आणि त्याला गावी जायची घाई होती.

*

सहाव्या दिवशी दाराजवळच्या पिशवीत हिरवा ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पिशवीत, नेमका त्या भोकाभोवती. मग खिडकीखालच्या रांगेत.

शिवानंद जिथं जिथं थांबला होता तिथं तिथं पिशवी हिरवी पडत होती. अक्काताई बॅटरी घेऊन एकेक बघत गेल्या. त्याची सगळी भेट त्या पिशव्यांवर उमटली होती. इथं त्याला सावरीचा कापूस आठवला. इथं तो आईचं बोलला. इथं स्टँडाचं.

हिरवं दिसलं की पिशवी त्याच क्षणी बाहेर काढायची, हा पहिला नियम. अक्काताईंनी पहिल्या दिवशी दाराजवळची काढली, दुसऱ्या दिवशी तिसरी काढली. स्टँडाची पिशवी त्यांच्यानं काढवेना. तिच्यावर ठिपका लहान होता. उद्या बघू, म्हणाल्या. उद्या उजाडेपर्यंत तिच्या शेजारच्या पाचांत हिरवं गेलं होतं.

चाळीसांतल्या एकोणतीस गेल्या. परसात चन्नाप्पानं खणलेला एक खड्डा होता, त्यात त्यांनी त्या रिकाम्या केल्या आणि वर गोणपाट टाकलं. मागच्या दोन रांगांतल्या अकरा तेवढ्या पांढऱ्या राहिल्या.

पृथ्वीराजला फोन केला. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात माल होणार नाही म्हणाल्या. त्यानं विचारलं, काय झालं. हिरवी पडली. कुणी लावली?

"हवेनं," अक्काताई म्हणाल्या.

पलीकडं पातेल्यांचा आवाज येत होता. तो हवेच्या आईवरनं काहीतरी बोलला आणि मग म्हणाला, गिऱ्हाईक काय थांबत न्हाय, मी दुसरीकडनं घेतो. अकरांचं तरी आणून दे. "आन पुढच्या येळंला हवेला कुलूप लाव, मावशी."

नवीन बियाणं आलं. खोली चुन्यानं धुतली, काड उकळलं, वीस पिशव्या पुन्हा भरून टांगल्या. पंचमीच्या आदल्या दिवसाला, म्हणजे मूळ यायच्या दिवसाला, चार दिवस होते. म्हणजे शिवानंद येईल तेव्हा ह्या पिशव्या बरोबर तेवढ्याच दिवसांच्या असणार, गेल्या खेपेसारख्या. आणि तो आल्याच्या शेतातनंच येणार. आल्या आल्या मागं जाणार, एकेका पिशवीला हात लावणार. ही खेप गेली तर पृथ्वीराज गेला, आणि पृथ्वीराजखेरीज त्यांच्या हातचं खाणारं कुणी नव्हतं. आणि त्याला थांबवलं तर?

चिमणाबाईला खबर लागलीच होती. भिंतीवरनं डोकावून म्हणाली, "भाऊ मुळाला येणार म्हणं. मग ह्या तुझ्या पिशव्यांना पाणी कोण मारणार?"

अक्काताई म्हणाल्या, बघू.

"माझ्यावर टाकू नगं. मला त्यातलं कळत न्हाय." जरा थांबून ती म्हणाली, "वास बाकी आमच्या वारुळासारखाच येतोय."

*

उपासाच्या दिवशी सकाळी अक्काताईंनी परसात बादली भरून ठेवली. साबण, नारळाची शेंडी, चुन्याचं घमेलं. दोरीवर चन्नाप्पाचं धोतर आणि बंडी. दारावर खडूनं पुन्हा लिहिलं, ठळक. मग पुढच्या खोलीत बसून काय बोलायचं ते प्लेट घालून दोनदा बोलून बघितलं.

शिवानंद अकराला आला. बाहीला तीच करडी भुकटी. पाणी प्यायला आणि म्हणाला, चल, आवर. आधी तुझी ती कापसाची पोरं बघून येतो. तो मागं निघाला. अक्काताई त्याच्या आधी दारात पोचल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"थांब तम्मा. आत येऊ नगं."

तो थांबला. त्यानं दारावरचं वाचलं, बादलीकडं बघितलं, धोतराकडं बघितलं. चेहरा हळूहळू बदलला.

"त्या खांबाचं काढतीस व्हय?"

"न्हाय."

"मग ह्यो थाट कशाला मांडलायस? मी दारात उभा ऱ्हायलो तवा, म्हणून आता तू मला उभा करतीस."

"तुझ्या हाताला जे हाय ते ह्यांना चालत न्हाय. मागच्या खेपंला तू ज्यांना हात लावलास त्या सगळ्या गेल्या."

"किती?"

"एकोणतीस."

शिवानंदनं हात वर करून नखांकडं बघितलं. मग हात खाली, मांडीला चिकटवून धरले, कुठं लागू नयेत तसे.

"तवा का न्हाई सांगितलंस?"

"तू चार वर्सांनी आलतास."

आळीत कुणाच्या तरी घरी चांदीवर हातोडी पडत होती, टिक टिक टिक. अक्काताईंना वाटलं, आता तो बादलीकडं वळेल.

"आन खरं सांगू?" त्या म्हणाल्या. हे त्यांनी सकाळी बोलून बघितलं नव्हतं. "खांबाचंबी हाय. थोडं. मला बोलता येत न्हवतं तवा."

शिवानंद बरं म्हणाला. एवढंच. पुढच्या खोलीतनं जाताना त्यानं भिंतीला, दाराला, कशाला हात लावला नाही. चप्पल घातली. मोटरसायकल चालू झाली, खांबाला वळसा घालून आवाज लांब गेला.

बादली तशीच राहिली. दुपारी त्यात निंबाची पानं पडली. अक्काताईंनी ठरल्या वेळी अकरा पिशव्यांना पाणी मारलं. त्यांच्यावर आता कळ्या धरल्या होत्या, करड्या, नखाएवढ्या. नव्या वीस पिशव्या पांढऱ्या होत्या. सगळं जसं असायला पाहिजे तसं होतं. संध्याकाळी धोतर दोरीवरनं काढून त्यांनी घडी घातली, आणि घडी हातात घेऊन बराच वेळ कुठं ठेवायची ते आठवत उभ्या राहिल्या.

*

पंचमीला सकाळी पाटावर मातीचा नाग मांडून त्या दूध घालायला बसल्या. त्यांच्या घरची रीत अशी की थेंब थेंब दूध घालताना माणसांची नावं घ्यायची.

"आप्पाच्या वाट्याचं. आईच्या वाट्याचं." मग चन्नाप्पाचं. मग हात थांबला. वाटीत दूध होतं. "तम्माच्या वाट्याचं," त्या म्हणाल्या आणि घातलं.

बाराच्या सुमाराला त्या सकाळी पाणी मारलेला फवाऱ्याचा पंप धूत होत्या. रस्त्याकडनं कुणीतरी हाक मारली. मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

"अक्का."

त्या पुढच्या दारात आल्या. शिवानंद विजेच्या खांबापाशी उभा होता. पांढरा स्वच्छ शर्ट, ओले केस. हातात कापडी पिशवी. दोन्ही हात त्यानं पुढं केले. नखं मुळापासून कापली होती, एका बोटाला तर रक्त आलेलं.

"अंघोळ करून आलोय," तो तिथनंच ओरडला. "शेताकडं गेलोच न्हाय. पिशवीत आणखी एक जोड कापडं हाईत. आत येऊ का?"

चिमणाबाई तिच्या दारात आली. पलीकडची हातोडी थांबली. अक्काताई चार वर्षांत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. मोठ्यानं बोललं की प्लेट सुटते आणि शब्द नाकातनं फुटतो, आणि ते लोकांनी ऐकावं असं नाही. शिवानंद खांबापाशी हात पुढं धरून वाट बघत होता. ह्या खेपेला नुसती मान हलवून भागणार नव्हतं.

"ये," त्या ओरडल्या. शब्द फुटलाच, निम्मा नाकातनं. पण खांबापर्यंत पोचला.

"आला की तुझा भाऊ," चिमणाबाई म्हणाली आणि आत गेली.

तरीही अक्काताईंनी त्याला परसात पुन्हा हातपाय धुवायला लावले, कपडे बदलायला लावले. चुन्याच्या घमेल्यात पाय घालून तो खोलीत शिरला तो हात पाठीमागं बांधून, देवळात लहान पोरं शिरतात तसा. काल घरी गेल्यावर प्रेरणानं सगळं ऐकून त्याला काय काय सुनावलं ते तो सांगत होता. खिडकीखालची रांग आता रिकामी होती, नुसत्या दोऱ्या. तिथं तो थांबला.

"हितंच मी आईचं बोललो न्हवं?"

"व्हय."

"मग आता उरलेलं कुठं बोलू?"

"भाईर. भाईर कितीबी बोल."

पाण्याचा प्रश्न होताच. अकरा पिशव्यांना दिवसातनं तीनदा पाणी, ते चुकवता येत नव्हतं, म्हणून येत नाही, असं अक्काताई म्हणाल्या. शिवानंदनं दुपारचं पाणी त्यांच्यादेखत स्वतः मारलं, लांबनं, फवारा वर धरून. मग म्हणाला, आता बस गाडीवर, सांजच्या पाण्याला आणून सोडतो. घरात सगळे जेवायचे थांबलेत. पंगतीत बसायचं की आतल्या खोलीत दार लावून, ते अक्काताईंनी विचारलं नाही. वाटेत विचारू म्हणाल्या मनाशी.

निघता निघता त्यानं परसातलं गोणपाट उचलून बघितलं. खड्ड्यातलं काड गर्द हिरवं झालं होतं. प्रेरणानं सांगितलं होतं म्हणे, ते आल्याला सोन्यासारखं आहे, तेवढं घेऊन ये. त्यानं दोन पोती भरली. एक मोटरसायकलच्या टाकीवर आडवं टाकलं. दुसरं ठेवायला जागा उरली नाही.

ते अक्काताईंनी मांडीवर घेतलं. मोटरसायकल खांबाला वळसा घालून स्टँडाकडं निघाली. पोत्यातनं ओल पाझरून साडीला लागत होती, वास येत होता, वारुळासारखा. सांजच्या पाण्याआधी परत येऊन डोक्यावरनं अंघोळ करायला लागणार होती, आणि ही साडी वेगळी भिजवायला.